डोंगरमातीतील विरल मृत्तिका: सैल बंधाचा प्रश्न

चीनच्या जिआंगशी प्रांताच्या दक्षिण टोकाला, नानलिंग पर्वतरांगेच्या कुशीत, गान्झोऊ हा जिल्हा आहे. तेथील ठेंगण्या, गोलसर माथ्याच्या डोंगरांचा गाभा ग्रॅनाइटचा असून, त्यावर तांबड्या मातीचा आणि भुसभुशीत झालेल्या खडकाचा कित्येक मीटर जाडीचा थर साचलेला आहे. या थरातील एक टन मातीत विरल मृत्तिका मूलद्रव्यांची ऑक्साइडे साधारणतः अर्धा ते दोन किलोग्रॅम भरतात. खाणकामाच्या नेहमीच्या हिशेबाने हे प्रमाण नगण्य ठरावे. तरीही गेल्या पाच दशकांत जगाला लागणाऱ्या जड विरल मृत्तिकांचा फार मोठा वाटा याच जातीच्या मातीतून आला. याचे कारण त्यांच्या प्रमाणात सापडत नाही, ते मातीने त्यांना ज्या रीतीने धरून ठेवले आहे त्या रीतीत सापडते. ही मूलद्रव्ये तेथे कठीण खनिजाच्या स्फटिकात कोंडलेली नसतात, चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागाला ती केवळ विद्युतभारामुळे चिकटलेली असतात आणि साधे मिठाचे पाणीही त्यांना सोडवू शकते. डोंगराने लाखो वर्षांत जे सैल हाताने धरले, ते मनुष्याला सहज काढून घेता येते, आणि ज्या सैलपणामुळे ते काढणे सोपे होते त्याच सैलपणामुळे ती माती बिघडवणेही तितकेच सोपे होते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा मध्यवर्ती विचार आहे.

विरल मृत्तिका मूलद्रव्ये एकूण १७ आहेत. अणुक्रमांक ५७ च्या लँथॅनमपासून अणुक्रमांक ७१ च्या ल्युटेशियमपर्यंतची १५ मूलद्रव्ये आणि रासायनिक वागणुकीने त्यांच्याशी जवळीक असलेली स्कँडियम व इट्रियम ही दोन मिळून हा गट बनतो. यांपैकी प्रोमेथियमचा एकही समस्थानिक स्थिर नसल्यामुळे मातीत ते व्यवहारतः नसतेच. 'मृत्तिका' हे नाव जुन्या रसायनशास्त्रातून आलेले असून, पाण्यात न विरघळणाऱ्या आणि उष्णतेने न बदलणाऱ्या ऑक्साइडांना त्या काळी तसे म्हणत. गटाचा इतिहासही एका खाणीपासून सुरू होतो: स्टॉकहोमजवळच्या इटर्बी येथील खाणीत १७८७ मध्ये कार्ल आक्सेल आर्हेनियस यांना एक जड, काळे खनिज मिळाले, १७९४ मध्ये योहान गॅडोलिन यांनी त्यातून नवी मृत्तिका वेगळी केली, आणि त्या एका खेड्याच्या नावावरून पुढे इट्रियम, टर्बियम, अर्बियम व इटर्बियम या चार मूलद्रव्यांचे बारसे झाले. ही मूलद्रव्ये एकमेकांपासून वेगळी करण्यात रसायनशास्त्रज्ञांची सव्वाशे वर्षे गेली, एवढे येथे लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

'विरल' या विशेषणाने मात्र फसगत होऊ नये. भूकवचाच्या वरच्या भागात सिरियमचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे ६० भाग, तर तांब्याचे ३० च्या आसपास आहे. गटातील सर्वांत तुटपुंजे थुलियम आणि ल्युटेशियमदेखील चांदीपेक्षा कित्येक पटींनी अधिक आहेत. अडचण अशी, की ही मूलद्रव्ये सर्वत्र थोडीथोडी विखुरलेली असतात आणि एका ठिकाणी गोळा होण्याची घटना क्वचित घडते. गोळा झाली तरी ती एकत्रच येतात, कारण त्यांपैकी बहुतेकांच्या अणूंपासून बंध जोडताना तीन धनभारांचा आयन तयार होतो आणि या आयनांच्या आकारांत फारच थोडा फरक असतो. आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावल्यामुळे किंवा मिळवल्यामुळे विद्युतभारित झालेला अणू. लँथॅनमच्या आयनाची त्रिज्या १.०३ अँगस्ट्रॉम, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाहून किंचित अधिक असते, आणि ल्युटेशियमपर्यंत जाताना ती क्रमाक्रमाने ०.८६ पर्यंत उतरते. व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी या उतरंडीला 'लँथॅनाइड आकुंचन' असे नाव दिले. हा फरक एवढा अल्प आहे की खडक तयार होताना एकाच स्फटिकात सगळी भावंडे शिरतात, पण मातीतील पाणी त्यांना फार सावकाश, पायरीपायरीने निवडू शकेल इतका तो निश्चितच आहे. आरंभीच्या, अणुक्रमांकाने लहान आणि आकाराने मोठ्या मूलद्रव्यांना हलक्या विरल मृत्तिका आणि शेवटच्यांना जड विरल मृत्तिका म्हणतात. आकाराने त्यांच्यात बसत असल्यामुळे अणुभार कमी असूनही इट्रियमची गणना जडांमध्ये होते.

डोंगरमातीची गोष्ट खडकात काय आहे यापासून सुरू होते. ग्रॅनाइट ज्या वितळलेल्या शिलारसापासून थिजतो, त्यात प्रथम घन होणाऱ्या खनिजांना ही मोठ्या भाराची आणि बेताच्या आकाराची मूलद्रव्ये सामावून घेता येत नाहीत. त्यामुळे ती उरलेल्या रसात साठत जातात आणि शेवटी काही गौण खनिजांत जागा शोधतात. बेसाल्टापेक्षा ग्रॅनाइटात त्यांचे प्रमाण सामान्यतः बरेच अधिक असते ते यामुळेच. गौण खनिजांतही दोन स्वभाव आढळतात. मोनॅझाइट हे फॉस्फेट खनिज हट्टी आहे: खडक भुगा झाला तरी ते बहुधा न विरघळता शाबूत राहते, पावसाच्या पाण्याबरोबर नदीत आणि नदीबरोबर समुद्राकडे जाते. याउलट अॅलनाइट, अॅपटाइट आणि विशेषतः सिंचिसाइटासारखी फ्लोरिनयुक्त कार्बोनेट खनिजे अम्लधर्मी पाण्यात विरघळतात आणि आपल्यातील विरल मृत्तिका जागच्या जागीच मातीच्या हवाली करतात.

या दोन स्वभावांमुळे डोंगरापासून निघणाऱ्या दोन वाटा भारतातही दिसतात. केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरील काळी वाळू पहिल्या वाटेने आलेली आहे. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील खोंडालाइट, चार्नोकाइट आणि पेग्मटाइट या जुन्या खडकांतून सुटलेले मोनॅझाइट तीव्र उताराच्या आखूड नद्यांनी किनाऱ्यावर आणले आणि लाटांनी ते वजनानुसार निवडून चवरा, मनवलकुरिची अशा ठिकाणी साठवले. १९०९ मध्ये सी. डब्ल्यू. शॉम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाने त्रावणकोरहून निर्यात झालेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत ते ओळखले. पुढे १९५० मध्ये स्थापन झालेल्या आणि आज मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन रेअर अर्थ्स या सरकारी कंपनीचा पाया याच वाळूवर उभा राहिला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे, परंतु तिच्यात इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज भरपूर असून मोनॅझाइट जवळजवळ नाही, कारण तिच्या पाठीमागचा सह्याद्री बेसाल्टाचा आहे. किनाऱ्यावरची वाळू पाहून पाठीमागच्या डोंगराचे कूळ सांगता येते ते असे. भारताचा मोनॅझाइटचा साठा सुमारे १.३ कोटी टन असल्याचे सांगितले जाते आणि तो मोठा आहे, पण त्यात लँथॅनम, सिरियम, निओडिमियम अशा हलक्या विरल मृत्तिकांचे वर्चस्व आहे आणि सोबत किरणोत्सर्गी थोरियम येते. जड विरल मृत्तिकांसाठी दुसरी वाट पाहावी लागते, आणि ती डोंगरातच थांबते.

या दुसऱ्या वाटेला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: सहज विरघळणारी विरल मृत्तिकांची खनिजे असलेला खडक, उष्ण व भरपूर पावसाचे हवामान, आणि तयार झालेला थर वाहून जाऊ न देणारा उतार. हवामानाच्या प्रभावाने खडक जागच्या जागी फुटून कुजण्याच्या क्रियेला विदारण म्हणतात, आणि सुटा झालेला माल पाण्याने किंवा वाऱ्याने वाहून जाण्याला क्षरण. हिमालयाच्या उंच भागात विदारण मुख्यतः गोठण्या-वितळण्याने आणि हिमनद्यांच्या घासण्याने होते. खडकाचा चुरा होतो, पण त्याची रासायनिक घडण फारशी बदलण्यापूर्वीच क्षरण त्याला खाली ओढून नेते, म्हणून तेथील कोवळ्या मातीतील विरल मृत्तिकांचे आपसातील प्रमाण मूळ खडकाशी मिळतेजुळते राहते. याउलट सपाट प्रदेशात पाणी तुंबते आणि निचरा होत नाही. नानलिंगच्या ठेंगण्या टेकड्यांवर मात्र पाणी मुरते, उताराने सावकाश पाझरते आणि माती जितकी वरून झिजते तितकाच खडक खालून कुजत जातो. विदारण आणि क्षरण यांचा असा समतोल दीर्घकाळ टिकणे ही भूगर्भीय दृष्टीने असामान्य घटना आहे, आणि या डोंगरांची खरी संपत्ती तीच आहे.

अशा टेकडीचा उभा छेद घेतला तर सर्वांत वर पालापाचोळा कुजून बनलेली काळसर-तांबडी माती, तिच्याखाली पूर्णपणे कुजलेला पण मूळ ग्रॅनाइटाची ठेवण अजून ओळखू येणारा जाड थर, त्याखाली अर्धवट कुजलेला खडक आणि तळाशी मूलखडक असा क्रम दिसतो. पावसाच्या पाण्यात हवेतील आणि मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पालापाचोळ्यातील सेंद्रिय आम्लांची त्यात भर पडते आणि वरच्या थरातील पाणी अम्लधर्मी होते. शेतीच्या भाषेत ज्याला सामू म्हणतात, त्या अम्लतेच्या मापावर ही माती ४ ते ५ च्या दरम्यान असते. ७ हा आकडा उदासीन पाण्याचा असून, त्याहून आकडा जितका लहान तितकी अम्लता अधिक. या पाण्याने फेल्डस्पार या ग्रॅनाइटातील मुख्य खनिजाचे रूपांतर केओलिनाइट आणि हॅलॉयसाइट या चिकणमातीच्या खनिजांत होते आणि त्याच पाण्यात विरल मृत्तिकांची खनिजेही विरघळतात. मुक्त झालेले आयन पाण्याबरोबर खाली उतरू लागतात. खोलवर जाताना पाण्यातील आम्ल खडकाशी झालेल्या क्रियेत खर्ची पडते, सामू वाढतो आणि चिकणमातीच्या पापुद्र्यांच्या कडांवरचा ऋणभार वाढत जातो. तीन धनभारांचे आयन या ऋणभारित कडांकडे ओढले जातात आणि तेथे थांबतात. पृष्ठभागावर अशा प्रकारे चिकटून राहण्याला अधिशोषण म्हणतात. म्हणून विरल मृत्तिकांचा साठा टेकडीच्या सर्वांत वरच्या मातीत किंवा तळच्या खडकात सापडत नाही, तो मधल्या कुजलेल्या थराच्या खालच्या भागात दाटतो.

या उतरणीत सिरियम सोबत्यांपासून फुटून निघते, आणि ही घटना सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर घटनांपैकी एक आहे. इतर विरल मृत्तिका मातीत तीन धनभारांवर कायम राहतात. सिरियम मात्र हवेतील प्राणवायूच्या आणि मातीतील मँगॅनीज ऑक्साइडांच्या संगतीत आणखी एक इलेक्ट्रॉन गमावून चार धनभारांचे होते. त्या रूपात ते जवळजवळ अविद्राव्य असल्यामुळे सिरियनाइट या ऑक्साइडाच्या सूक्ष्म कणांच्या रूपाने वरच्या थरातच राहते, आणि बाकीची मंडळी त्याच्याविना पुढे जातात. मृदारसायनज्ञ जेव्हा प्रत्येक मूलद्रव्याचे मातीतील प्रमाण उल्केतील किंवा प्रमाण मानलेल्या शेल खडकातील प्रमाणाने भागून आलेख काढतात, तेव्हा वरच्या मातीत सिरियमच्या जागी उंचवटा आणि खालच्या थरात खड्डा दिसतो. माती किती काळ प्राणवायूच्या संपर्कात होती आणि पाणी तिच्यातून किती खोल मुरत होते, याची ही नोंद मातीने स्वतःच ठेवलेली असते. सिरियम हे गटातील सर्वांत विपुल आणि तुलनेने स्वस्त असल्यामुळे ते मागे राहणे व्यवहाराच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते: कारखान्यात मोठा खर्च करून करावी लागणारी एक विभागणी डोंगराने आधीच केलेली असते. जड विरल मृत्तिका पाण्यातील कार्बोनेटाशी अधिक घट्ट जोड्या बनवत असल्यामुळे हलक्यांपेक्षा खोलवर प्रवास करतात, ही विभागणीची दुसरी पायरी. युरोपियमचा खड्डा मात्र मातीत पडत नाही, तो खडकाकडून वारशाने येतो; शिलारसात युरोपियम दोन धनभारांवर राहू शकते आणि कॅल्शियमची जागा घेऊन फेल्डस्पारबरोबर आधीच निघून गेलेले असते.

आलेखातील या खुणा एवढ्या टिकाऊ असतात की त्यांच्यावरून मातीची वंशावळ लावता येते. हवाई बेटांवरील ज्वालामुखी डोंगरांच्या जुन्या मातीचा अभ्यास करताना निओडिमियमच्या समस्थानिकांनी असे दाखवून दिले, की तिच्यात बेटाच्या बेसाल्टाशी नाते नसलेली, आशिया खंडातून वाऱ्याने आलेली धूळ मिसळलेली आहे; आणि अतिपावसाने जुन्या मातीतील फॉस्फरस संपल्यानंतर तेथील अरण्ये काही अंशी त्या धुळीतील फॉस्फरसवर जगतात, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले.

मातीतील विरल मृत्तिका मोजताना एक चूक सर्रास होते, तिचा निर्देश आवश्यक आहे. प्रयोगशाळेत तीव्र आम्लांनी माती पूर्ण विरघळवून एकूण प्रमाण काढले जाते आणि तोच आकडा साठा म्हणून मिरवला जातो. परंतु तो आकडा मोनॅझाइटाच्या न हलणाऱ्या कणात कोंडलेल्या आणि चिकणमातीच्या कडेला टेकलेल्या आयनांत भेद करत नाही. वनस्पतीला, पाण्याला आणि खाणवाल्यालाही अर्थ असतो तो दुसऱ्या हिश्शाला. १९७९ मध्ये टेसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली पायरीपायरीच्या निष्कर्षणाची पद्धत, म्हणजे प्रथम सौम्य क्षाराने सहज सुटणारे, मग अधिकाधिक तीव्र द्रावकांनी घट्ट बांधलेले असे वेगवेगळे मोजण्याची पद्धत, यासाठीच उपयोगी पडते. गान्झोऊच्या उत्तम मातीत एकूण विरल मृत्तिकांपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक हिस्सा पहिल्याच पायरीला सुटतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्यात, महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर किंवा कोकणच्या सड्यांवर, विदारण नानलिंगहूनही पुढे गेलेले असले तरी तेथला मूलखडक या मूलद्रव्यांनी गरीब असलेला बेसाल्ट आहे आणि उरलेली माती लोह व अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांची आहे. दक्षिणेकडे सरकल्यावर, सिंधुदुर्गाच्या काही भागात आणि गोव्यात, बेसाल्टाचे आवरण संपून जुने पट्टिताश्म व काणकोणसारखा ग्रॅनाइट उघडा पडतो आणि वर तोच मुसळधार पाऊस पडतो. दुर्मिळ खनिजांच्या शोधाच्या बातम्या अलीकडे वारंवार येतात. सिंधुदुर्ग-गोव्यासारख्या प्रदेशाबद्दल बोलताना एकूण प्रमाणाचा एकटा आकडा पुढे केला जाऊ नये, त्यातले सैल किती आणि घट्ट किती हे आधी विचारले जावे.

डोंगरावरची झाडेही याच सैल हिश्शावर पोसतात. अमेरिकेच्या कृषी विभागातील डब्ल्यू. ओ. रॉबिन्सन यांनी १९४३ मध्ये दाखवले, की हिकरी वृक्षाच्या काही पानांत या मूलद्रव्यांचे प्रमाण दशलक्षात दोन हजार भागांच्या वर जाते. दक्षिण चीनमधील उजाड झालेल्या खाणींवर सर्वांत आधी उगवणारा, डायक्रॅनोप्टेरिस प्रजातीतील नेचा त्याहून प्रसिद्ध आहे. त्याच्या वाळलेल्या पानांच्या वजनात हजारात दोन-तीन भाग विरल मृत्तिका सापडतात. या प्रजातीचे नेचे पश्चिम घाटातही वाढतात, मात्र त्यांच्यात किती साठा होईल हे पायाखालची माती ठरवते. लँथॅनमच्या आयनाचा आकार कॅल्शियमच्या आयनाशी जवळजवळ जुळतो, त्यामुळे मुळांना हलक्या विरल मृत्तिका आत शिरू देण्यापासून पूर्णपणे रोखता येत नाही आणि नेच्याच्या पानांतही हलक्याच अधिक साठतात. पान गळते, कुजते आणि त्यातील मूलद्रव्ये वरच्या मातीत परत येतात. पाणी जे खाली नेत असते, त्यातले थोडे झाड पुन्हा वर आणते. म्हणून झाडे तोडलेल्या टेकडीवर केवळ धूप वाढत नाही, हा परतीचा प्रवासही थांबतो.

१९६९ मध्ये गान्झोऊतील लोंगनान परगण्यात, झुडोंग येथे, भूवैज्ञानिक पथकांच्या ध्यानात या मातीचे वेगळेपण आले. खनिज वेगळे काढण्याच्या नेहमीच्या पद्धती तेथे निष्फळ ठरल्या, कारण वेगळे काढण्याजोगे खनिजच नव्हते. मिठाच्या पाण्याने मूलद्रव्ये सुटतात हे कळल्यावर सत्तरच्या दशकात उत्पादन सुरू झाले. डोंगराची झाडी तोडून माती हौदांत टाकायची, तीवर मिठाचे पाणी सोडायचे, उतरलेल्या पाण्यातून ऑक्झॅलिक आम्लाने विरल मृत्तिकांचा साका खाली बसवायचा आणि धुतलेली माती दरीत लोटायची, अशी ही रीत होती. पुढे मिठाऐवजी अमोनियम सल्फेट, म्हणजे शेतकऱ्याला खत म्हणून परिचित असलेला क्षार, वापरात आला आणि हौदांच्या जागी मातीचे मोठे ढीग धुतले जाऊ लागले. अमोनियमचे तीन आयन चिकणमातीवर जाऊन बसतात आणि विरल मृत्तिकेचा एक आयन मोकळा होतो, एवढीच ती देवघेव आहे. चिनी संशोधकांच्या बहुचर्चित अंदाजानुसार या पद्धतीने एक टन ऑक्साइड मिळवण्यासाठी सुमारे ३०० चौरस मीटर जागेवरील झाडी व माती काढावी लागे, सुमारे २,००० टन धुतलेली माती टाकून द्यावी लागे आणि सुमारे १,००० टन सांडपाणी निर्माण होई. नफ्याच्या भाषेत यातला एकही आकडा उमटत नसे.

तिसऱ्या टप्प्यातील पद्धत दिसायला सौम्य आहे. तीत डोंगर खणला जात नाही. उतारावर ओळीने छिद्रे पाडून त्यांतून अमोनियम सल्फेटाचे द्रावण थेट आत सोडतात आणि पायथ्याशी चर व बोगदे काढून उतरलेले पाणी हौदांत गोळा करतात. वरची झाडी बरीचशी उभी राहते, म्हणून ही पद्धत पर्यावरणस्नेही म्हणून पुरस्कारली गेली, आणि हौदांच्या पद्धतीच्या तुलनेत तिचे काही गुण मान्य करावेच लागतात. तरीही डोंगर हे तळ आणि भिंती असलेले भांडे नव्हे. ग्रॅनाइटातील भेगांतून द्रावणाचा काही भाग ठरवलेल्या चरांना चुकवून भूजलात जातो. पाण्याने जड झालेला आणि आतून सैल झालेला उतार पावसाळ्यात घसरतो. त्याहून दीर्घकालीन परिणाम मागे राहिलेल्या अमोनियमचा असतो. मातीतील जिवाणू त्याचे नायट्रेटात रूपांतर करतात, त्या क्रियेत आम्ल निर्माण होते, आधीच अम्लधर्मी असलेल्या मातीचा सामू आणखी उतरतो आणि त्या अम्लतेने अॅल्युमिनियम, शिसे यांसारखी आजवर स्वस्थ बसलेली मूलद्रव्ये हलू लागतात. द्रावण सोडणे थांबल्यानंतरही हे चालूच राहते. गान्झोऊतील झुनवू हा परगणा डोंगजिआंग नदीच्या उगमाचा प्रदेश आहे आणि हाँगकाँगच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग त्याच नदीतून येतो. त्याच तांबड्या उतारांवर गान्झोऊची प्रसिद्ध संत्री पिकतात. २०१२ मध्ये चीनच्या उद्योग व माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाकडून पुढे आलेल्या अंदाजानुसार एकट्या गान्झोऊतील खाणींच्या परिसराचे पुनरुज्जीवन करण्यास ३८ अब्ज युआन लागणार होते. विरल मृत्तिका बाजारात स्वस्त होत्या तेव्हा त्यांच्या किमतीतून ही रक्कम वगळलेली होती, आणि ती वगळली गेली म्हणूनच त्या स्वस्त होत्या.

मागणीचे कारण थोडक्यात असे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे विकसित झालेले निओडिमियम, लोह व बोरॉन यांचे चुंबक आजच्या विजेरी वाहनांच्या मोटारींत आणि अनेक पवनचक्क्यांत बसवलेले असतात. तापल्यावर हे चुंबक दुबळे पडतात. त्यांत थोडे डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळल्यास ते उष्णतेत टिकतात. ही दोन जड मूलद्रव्ये मोनॅझाइटात अत्यल्प आणि नानलिंगसारख्या डोंगरमातीत तुलनेने भरपूर आहेत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने ज्या सात विरल मृत्तिकांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले त्यांत डिस्प्रोशियम, टर्बियम आणि इट्रियम आहेत, आणि त्याची झळ भारतातील वाहन उद्योगालाही लागली. धूर न सोडणाऱ्या वाहनाचा एक सूक्ष्म पण अपरिहार्य अंश अशा रीतीने एखाद्या डोंगराच्या मधल्या थरातून आलेला असतो.

चीनमध्ये निर्बंध कडक झाल्यावर छिद्रे आणि हौद सीमा ओलांडून म्यानमारच्या कचिन राज्यात गेले. तेथेही ग्रॅनाइट, पाऊस आणि उतार यांचा तोच मेळ आहे, फक्त नियम आणि देखरेख यांचा अभाव आहे. ग्लोबल विटनेस या संस्थेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात उपग्रहचित्रांवरून सुमारे ३०० ठिकाणी २,७०० हून अधिक हौद मोजले. त्यांचा विस्तार सिंगापूरएवढा भरला. खाणींवर ताबा असलेले सशस्त्र गट बदलले, ऑक्टोबर २०२४ मध्ये पांगवा हे त्या भागातील केंद्र कचिन इंडिपेंडन्स आर्मीच्या ताब्यात गेले, परंतु खनिजाचा ग्राहक तोच राहिला. ज्या गावांच्या वर हे हौद आहेत त्यांना ना चुंबकांच्या कारखान्यात वाटा आहे ना पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. एखाद्या देशाने आपल्या नद्या वाचवण्यासाठी केलेला कायदा दुसऱ्या देशातील डोंगरावर भार टाकत असेल, तर त्या कायद्याचे यश अर्धेच मानले पाहिजे.

पर्यायी मार्गांपैकी एक विशेष लक्ष देण्याजोगा आहे. ग्वांगझो येथील भूरसायन संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले, की मातीत विद्युताग्रे रोवून सौम्य प्रवाह सोडला असता सुटलेले धनभारित आयन ऋणाग्राकडे स्वतःहून सरकतात. या प्रयोगांत सुमारे ८० टक्के कमी क्षार वापरून नेहमीपेक्षा सुमारे अडीच पट अधिक कार्यक्षमतेने विरल मृत्तिका मिळाल्या, आणि नको असलेल्या धातूंची भेसळही सुमारे ७० टक्क्यांनी घटली. आयनांना दिशा मिळाल्यामुळे द्रावण भेगांतून भटकण्याचा धोकाही कमी होतो. वीज स्वच्छ असेल आणि अग्रे पुरेशी टिकतील, तर ही पद्धत जुन्या तिन्ही पद्धतींपेक्षा निश्चितच सरस आहे. नेच्यांची लागवड करून त्यांच्या राखेतून मूलद्रव्ये मिळवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. त्यांचे उत्पन्न अल्प आहे, पण सोडून दिलेल्या उजाड उतारावर दुसरे काहीच धरत नसताना नेचा धरतो, हे त्यांचे मोल वेगळेच आहे.

तरीही कोणत्याही पद्धतीला मातीच्या वयाचा हिशेब चुकवता येत नाही. ग्रॅनाइटाचे विदारण दहा लाख वर्षांत साधारणतः काही मीटरपासून काही दशक मीटरपर्यंत खोल जाते. एखाद्या टेकडीतून द्रावण सोडून मूलद्रव्ये काढण्याचे काम मात्र थोड्याच वर्षांत उरकते. त्यानंतर त्या चिकणमातीच्या कडांवर अमोनियम बसलेले असते, आणि ते किती काळ तेथे राहील आणि कोठे जाईल हे पुढच्या पावसांवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, कचिनच्या डोंगरांचे पाणी न्माय खा नदीला मिळते, ती मलि खा नदीला मिळून मितसोन येथे इरावती होते, आणि त्या नदीच्या काठाने समुद्रापर्यंत शेती, मासेमारी आणि मोठी शहरे आहेत. खाणीच्या परवान्याबरोबरच उगमापासून खाली ठरावीक अंतरांवर अमोनिया, नायट्रेट आणि सामू यांची नियमित नोंद ठेवून ती काठच्या गावांना उघडपणे देण्याची अट घालणे आजच्या ज्ञानाच्या आणि उपकरणांच्या मर्यादेत पूर्णपणे शक्य आहे. त्यासाठी लागणारी उपकरणे स्वस्त आहेत, मोजणी गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही शिकवता येते, आणि मोजणी सुरू करण्याची वेळ पहिले छिद्र पाडण्याच्या आधीची आहे, कारण स्वच्छ पाण्याची मूळ नोंद हाताशी नसेल तर नंतर झालेला बदल कोणालाही सिद्ध करता येत नाही.